मालूताईची रवानगी

गाऱ्हाणं अर्ध्यावर आलं तेव्हा अनुपमाचा एक कान कुकरकडे होता आणि दोन्ही डोळे उदबत्तीच्या राखेवर. राख आता पडेल की मग, आणि पडेल ती नेमकी कालच धुतलेल्या आसनावर, याच विवंचनेत ती उभी होती. देव्हाऱ्यापुढे धाकूकाका. खाली पांढरा लेंगा, वर जान्हवीनं पहिल्या पगारातून घेऊन दिलेला पोपटी टी-शर्ट, हात जोडलेले, डोळे मिटलेले. पुढ्यात पाटावर नारळ. सुशांतच्या मालिकेचा आज संध्याकाळी शंभरावा भाग लागणार, तेव्हा नारळ ठेवायलाच हवा, असा हट्ट काकानंच धरला होता.

वायंगणकरांच्या घरात काहीही नवं निघालं की गाऱ्हाणं ठरलेलं. अनुपमाचे वडील, अण्णा, होते तोवर ते घालायचे. गिरणीचा भोंगा कायमचा बंद झाला त्या आठवड्यातही त्यांनी घातलं होतं. त्यांच्यामागे त्यांचा धाकटा भाऊ म्हणून काका घालतो. एकानं देवाला सांगत जायचं आणि तो थांबला की मागच्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. तो काय सांगतोय ते कान देऊन ऐकायचीही पद्धत असणारच, पण भटवाडीतल्या या घरात ती कुणी पाळत नव्हतं. अनुपमा चोपन्न वर्षांची झाली. आजवर हजारभर वेळा तरी तिनं व्हय म्हाराजा म्हटलं असेल, त्यातलं निम्मं तरी स्वयंपाकघराकडे मान वळवून.

"सगळ्यांका सुखात ठेय रे म्हाराजा," काका म्हणाला.

"व्हय म्हाराजा."

"ह्या सुशांताच्या लिवण्याक यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि त्या शिरियलीतल्या मालूताईक आता घराभायर धाडूची आसा, तर आमच्या अनूच्या मनाक लागाक देऊ नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अनुपमा म्हणाली.

राख पडली. आसनावरच. ती पुसायला अनुपमा वाकली आणि वाकल्यावर तिच्या ध्यानात आलं की या खेपेला आवाज तिच्या एकटीचाच आला होता.

तिनं मागे वळून पाहिलं. धाकटा भाऊ सुशांत स्वतःच्या पायाचा अंगठा निरखत होता. लेक जान्हवी, जिच्या हातातला मोबाईल अंघोळीपुरताच सुटतो, तिनं तो उलटा करून छातीशी धरला होता. नवरा बाळ पंख्याकडे बघत होता, आणि पंखा तर गाऱ्हाण्यासाठी बंदच केला होता.

"काय म्हणालास काका तू?"

काकानं एकच डोळा उघडला. "देवाक सांगितलंय. तुका नाय."

आता यावर माणसानं काय बोलावं? अनुपमा आसन झटकायचं सोडून सोफ्यावर टेकली, आणि मग जे बाहेर आलं ते एकेकाच्या तोंडून तुकड्या-तुकड्यांनी आलं. चॅनेलवाल्यांनी सुशांतला बोलावून घेतलं होतं. मालूताई पुढच्या महिन्यात मुलाकडे बंगळुरूला जाणार, ती परत यायची नाही, आणि मालिका इथून पुढे त्यातल्याच नानूकाकाच्या नावानं चालणार. ही बैठक होऊन दहा दिवस झाले होते. सुशांतनं ते आधी काकाला सांगितलं, काकानं जान्हवीला, आणि ताईला कुणी सांगायचं यावर तिघांची टोलवाटोलवी चालली होती. शेवटी काका म्हणाला, मी बघतो. त्यानं हे असं बघितलं.

"तुम्हालाही माहीत होतं?" तिनं बाळला विचारलं.

"मला परवा कळलं," बाळ म्हणाला. त्याचं दिवसभरातलं ते दुसरं वाक्य असावं.

अनुपमाला काही सुधरेना. राग यावा तर कुणाचा? मालूताई काही तिची सख्खी नव्हती. ती होती 'ताई म्हणेल तसं' या मालिकेतली बाई, दर रविवारी संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर येणारी. पण पहिल्याच भागात ती बाई फ्रिजवर चिकटवलेली कामांची यादी घेऊन उभी राहिली आणि "माझं आधी ऐकून घे" म्हणाली, तेव्हा या खोलीत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं होतं. मालूताईच्या गळ्यात चष्म्याची काळी दोरी होती. मध्यंतरी अनुपमानं दोरी टाकून साखळी घेतली, तर महिन्याभरात मालूताईच्या गळ्यातही साखळी आली. बोललं कुणीच नाही. अनुपमा मात्र आतून फुलून गेली होती. शाळेच्या ऑफिसात हेड क्लार्क म्हणून तीस वर्षं सह्या-शिक्के करणारी बाई, आणि अख्खा महाराष्ट्र तिला बघतोय! ऑफिसात तिनं पेढे वाटले ते भावाची मालिका लागली म्हणून. ती मीच, हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं नाही ते एका परीनं बरंच झालं, असं तिला गेल्या काही महिन्यांत वाटायला लागलं होतं.

कारण मार्केटात एकदा कोथिंबीर निवडताना शेजारच्या शेवंतीनं मालिकेचा विषय काढला. नानूकाका कसला गोड आहे यार, आमच्याकडे सगळे त्याच्यासाठी बसतात, ती मालूताई मात्र डोक्यात जाते. अनुपमा तिच्यासोबत हसली होती. छान मोठ्यानं हसली होती. घरी आल्यावर कळलं की कोथिंबीर तिथंच राहिली.

"मला एकदा खरं सांगा," ती आता म्हणाली. "तिनं केलं काय एवढं?"

जान्हवी म्हणाली, जाऊ दे ना आई. मग अनुपमानं हात पुढे केला तेव्हा तिनं निमूट मोबाईल उघडला आणि लोक मालिकेखाली काय काय लिहितात ते वाचायला लागली. ही बाई सारखी सगळ्यांच्या मध्ये का? हिला कुणी विचारलं? आम्ही नानूकाकासाठी बघतो, ताई आली की पाणी प्यायला उठतो. जान्हवीचा आवाज बारीक होत गेला. शेवटचं तिनं वाचायचं टाळलं तर अनुपमानंच चष्मा चढवून वाचलं: ताई नसती तर त्या घरात किती सुख असतं.

तिनं ते दोनदा वाचलं. मोबाईल परत दिला.

"मोतीबिंदूचा भाग आठवतोय?" तिनं विचारलं. सगळ्यांना आठवत होता. नानूकाका ऑपरेशनला घाबरून माळ्यावर लपतो, मालूताई त्याला लग्नाला जायचंय असं खोटं सांगून हॉस्पिटलात नेते, आणि तिथं नानूकाका नर्सला असा काही हसवतो की तो तुकडा लोकांनी मोबाईलवर एकमेकांना पाठवला. त्यातलं माळ्यापासून हॉस्पिटलापर्यंतचं अवघं या घरात घडलेलं होतं. "डोळे कुणी करून आणले? मी. खोटं कुणाच्या गळ्यात पडलं? माझ्या. दोन आठवडे थेंब कुणी घातले? आणि गोड कोण? नानूकाका."

"डोळे माझे व्हते गे," काका हळूच म्हणाला.

जान्हवीला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. अनुपमालाही आलं, हीच तर पंचाईत होती. काका काहीही बोलला तरी माणसाला हसू यायचं. तो तिच्याकडेच राहायचा, औषधं चुकवायचा, ओला टॉवेल पलंगावर टाकायचा, आणि बिल्डिंगमधली पोरं त्याच्या मागे मागे फिरायची. तिच्या मागे कोणी फिरत नव्हतं. ती दिसली की पोरं सायकली नीट लावायची.

"हे बघ ताई," सुशांत म्हणाला. तो चव्वेचाळीसचा होता, दाढीत पांढरं आलं होतं, पण ताईपुढे बसला की अजून मांडी घालून बसायचा. "चूक माझी आहे. तुझी नाही, मालूताईचीपण नाही. गोष्ट पुढे ढकलायला कुणाला तरी काहीतरी हवं असावं लागतं. नाहीतर गोष्ट जागेवरच बसते. नानूकाकाला काही नको असतं. तो येतो, एक वाक्य टाकतो, चहा घेऊन जातो. बावीस मिनिटांत तो चार मिनिटं दिसतो. मालूताई सतरा मिनिटं दिसते, आणि ती सतराच्या सतरा मिनिटं कुणाला ना कुणाला काहीतरी करायला लावत असते. इतका वेळ कुणालाही बघितलं ना, तर ते माणूस डोक्यातच जाणार."

"म्हणजे मी सतरा मिनिटं."

"तू नाही गं. मालूताई."

"चष्म्याची साखळी कुणाची?"

सुशांत दाढी खाजवायला लागला.

"आणि समज, तिनं कुणाला काही करायला लावलंच नाही," अनुपमा म्हणाली. "मग?"

"मग भागच होत नाही."

तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. काळे वाटाणे लावले होते. सांबाऱ्याला सहा शिट्ट्या, हे तिनं कुकर चढवताना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, कारण सांगायची सवय. ही सहावी होती. सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या आणि तिथून तिच्याकडे. अनुपमा उठणार होती. गुडघ्यावर हात ठेवून ती अर्धी उठलीही होती. मग काय वाटलं कोण जाणे, परत बसली.

सातवी झाली. आठवी झाली. जान्हवीनं मामाकडे पाहिलं, मामानं आसनाकडे. आपण हे काय करतोय ते अनुपमाचं तिलाच कळेना. या लोकांना धडा शिकवतोय, की आपल्यावाचून कुठं काय अडतं ते खरंच बघतोय? आणि अडलं नाही, तर बरं वाटणार की वाईट? नववी, दहावी. मालिकेचं शूटिंग बघायला सगळे मढच्या बंगल्यात गेले होते तो दिवस तिला उगाच आठवला. जेवणाची सुट्टी झाली होती. नानूकाकाचं काम करणारा नट सगळ्यांच्या घोळक्यात बसून मासळी चापत होता, किस्से सांगत होता. मालूताईचं काम करणारी बाई कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर संवादांची पानं पाठ करत बसली होती. तिचा डबा झाकणासकट मांडीवर होता. सगळ्यात जास्त बोलायचं तिलाच होतं ना. अनुपमा तेव्हा तिच्याशी न बोलता घोळक्यात जाऊन बसली होती. नानूकाकाच्या घोळक्यात.

"अनू, कुकर," काका म्हणाला.

"ऐकतेय."

करपल्याचा वास आला तेव्हा शेवटी बाळ उठला. आत गेला, गॅस बंद केला, बाहेर येऊन दारात उभा राहिला.

"सहा म्हणाली होतीस. तेरा झाल्या."

"तुम्ही मोजत होतात?"

"हो."

"मग उठला का नाहीत?"

बाळनं नीट विचार केला. तो खोटं बोलणारा माणूसच नव्हता. "तू उठशील म्हणून," तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता, तक्रार नव्हती, अठ्ठावीस वर्षं सूर्य उगवताना बघितलेल्या माणसानं सूर्याबद्दल बोलावं तसं तो बोलला. हसावं की रडावं ते अनुपमाला ठरेना, आणि या घरात ठरवायचं काम तर तिचंच.

जान्हवी उठून तिच्याजवळ येऊन बसली. इतका वेळ ती मामाच्या बाजूला होती, आता तिनं आईच्या दंडाला दंड लावला आणि मामाला म्हणाली, की चॅनेलला नाही म्हणून सांग, नाहीतर मालूताईला चांगलं तरी लिही. काकाही देव्हाऱ्यापुढून म्हणाला, नानूकाका एकटो काय करतलो त्या घरात, तेका थेंब कोण घालतला? म्हणजे बघता बघता सगळे मालूताईचे झाले. सुशांत एकटा पडला.

त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, तू नुसतं 'नको' म्हण. मी उद्या मालिका सोडतो. शपथ."

तो सोडेल हे अनुपमाला माहीत होतं. ती नको म्हणाली म्हणून त्यानं एकदा चालू नोकरी सोडली होती, आणि ती हो म्हणाली म्हणून लग्न केलं होतं. नोकरी सोडल्यावर तीन वर्षं तो घरी बसून होता, लिहिलेलं कुणी घेत नव्हतं, आणि याच सोफ्यावर झोपून दिवस दिवस छताकडे बघायचा. त्याला पुन्हा तसं बघायचं? का, तर टीव्हीतली एक बाई जाऊ नये म्हणून? आणि ती राहिली तरी लोक पाणीच प्यायला उठणार. पण ती गेली तर? अख्ख्या महाराष्ट्रानं मिळून ठरवलं, की ही बाई घरात नको. हे ऐकून घेऊन उद्या सकाळी परत फ्रिजवर यादी कशी लावायची?

"बंगळुरूला जाऊन काय करणार ती?" तिनं विचारलं.

"मुलाकडे राहणार. नातवाला सांभाळणार."

"म्हणजे तिथंही कामालाच."

काका फिस्सकन हसला. बाकी कुणी हसलं नाही.

"मी देवासमोर व्हय म्हटलंय," अनुपमा म्हणाली. "न ऐकता म्हटलं, पण म्हटलं. जाऊ दे तिला. तू मालिका सोडायची नाही. फक्त तिला कामाला पाठवू नको."

"मग कुठं पाठवू?"

"मला काय विचारतोस? लेखक तू."

"तुलाच विचारणार ना," सुशांत म्हणाला. "मी तुझं सगळं उचललं ताई. चालणं, बोलणं, ती यादी, साखळी. न विचारता उचललं. पण एक गोष्ट मला कधी दिसलीच नाही. शंभर भागांत मालूताईचा एकटीचा प्रसंग एकही नाही. तिच्यासमोर कायम कुणीतरी आहे आणि ती त्याला काहीतरी सांगतेय. तू एकटी असतेस तेव्हा काय करतेस, हे मला लिहिताच आलं नाही. ते दाखवलं असतं तर लोकांना आवडली असती ती. सांग ना. काय करतेस?"

अनुपमानं तोंड उघडलं. या घरात तिला कुणी काही विचारलं आणि उत्तर तयार नाही असं सहसा होत नसे, त्यामुळे सगळे थांबले.

ती शोधायला लागली. सकाळी काका असतो. संध्याकाळी सगळे असतात. गेल्या मंगळवारी मात्र शाळेला अर्धी सुट्टी होती, ती दोनला घरी आली होती आणि घरात खरंच कुणी नव्हतं. काय केलं होतं तेव्हा? पर्स खांद्यालाच ठेवून ती याच सोफ्यावर बसली होती. समोर बंद टीव्ही होता. आपण बसलोय हे तिला छान वाटलं होतं, तेही आठवलं. गॅलरीतून ऊन आत आलं होतं. आणि मग? मग तिनं काकाला फोन लावला होता, दुपारची गोळी घेतलीस का म्हणून. त्यानंतर कपाट आवरलं, पण ते जान्हवीचं. मग बाळचे शर्ट. त्याच्या आधीच्या महिन्यात, त्याच्या आधीच्या वर्षात ती जाऊन आली. दर वेळी आपण एकट्या बसलोय इथवर नीट दिसायचं, आणि त्याच्यापुढे कुणाचं तरी काम यायचं.

"माहीत नाही रे," ती म्हणाली.

बाळ दारातून सरकून आत आला आणि कधी नव्हे तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. सुशांतनं खिशातून रुमाल काढला आणि तो हातातच धरून राहिला. अनुपमाला कुणाचा राग आला नव्हता. तिला फक्त आश्चर्य वाटत होतं, आणि त्या आश्चर्यापुढे काय करायचं ते काही सुचत नव्हतं.

काकानं विझलेली उदबत्ती काढून दुसरी लावली. राखेसाठी या खेपेला आठवणीनं बशी ठेवली. मग गुडघे धरून उभा राहिला.

"उभी ऱ्हवा सगळी. गाऱ्हाणा पुरा जावक नाय."

सगळे उठले. अनुपमा नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिथून कुकर दिसतो. आज तो बंद होता आणि वाटाणे करपले होते. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती काकाच्या पाठीकडे बघायला लागली. पोपटी टी-शर्ट पाठीवर घामानं चिकटला होता.

"बा देवा म्हाराजा," काका म्हणाला, आणि थांबला. इतका वेळ तो गाऱ्हाण्यात कधी थांबत नसे. "आमची अनू एकटी आसताना काय करता, ता तिकाच म्हायत नाय. तिका ता गावांदे रे म्हाराजा."

व्हय म्हाराजा, बाकीचे सगळे एकदम म्हणाले. बाळचा आवाज सगळ्यात मोठा होता.

अनुपमा लगेच म्हणाली नाही. काका पुढे बोलेना, मान वळवून तिची वाट बघत उभा राहिला. तिनं त्याचे शब्द मनात पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकले, शेवटपर्यंत ऐकले, आणि मग एकटीनंच म्हटलं, "व्हय म्हाराजा."